शुक्रवारची फेरी

शेपटी तेवढी राहिली होती. वीतभर लांब, काळी, टोकाला पांढरा झुबका. सकाळच्या टूरला आलेल्या अकरा जणांपैकी एका निवृत्त शाळामास्तरांना ती झुडपाखाली दिसली. त्यांनी काडीने उचलून ती सगळ्यांना दाखवली.

"ग्लेनिस, ही कशाची हो?"

"बिल्बीची," ग्लेनिस म्हणाली. "रात्री चरायला बाहेर पडतात आणि एखादा बिळात परतायला उशीर करतो. गरुड टपलेलाच असतो. आमचं कुंपण जमिनीवरून येणाऱ्यांसाठी. आभाळातून येणाऱ्याला काय करणार?"

लोक हसले. तिने शेपटी रुमालात गुंडाळून खिशात टाकली. पण हे गरुडाचं काम नव्हतं. गरुडाने उघड्यावर फाडून खाल्लं असतं. इथे केस झुडपाच्या आतल्या बाजूला ओढत नेल्यासारखे पडले होते आणि शेजारच्या तांबड्या वाळूत दोन गोल ठसे होते. नखं न उमटलेले. लोकांकडे तोंड करून बोलता बोलता तिने त्या ठशांवर बूट ठेवला आणि पुढच्या वारुळाकडे हात केला.

टेलर्स वेल या राखीव उद्यानाच्या कुंपणाच्या आत अकरा वर्षांत मांजर शिरलं नव्हतं. बाहेरच्या वाळवंटात रानटी झालेल्या मांजरांनी आणि कोल्ह्यांनी बिल्बी कधीच संपवले होते. उंदराचं तोंड, सशाचे कान आणि चिमुकल्या कांगारूची चाल असलेला हा भित्रा प्राणी इथे तारेच्या आत तेवढा उरला होता. एकतीस होते. तार बत्तीस किलोमीटरची होती, माणसाहून उंच. तिचं वरचं टोक बाहेर वाकवलेलं आणि खालचा जाळीचा पदर जमिनीवर पसरून दगडांनी दाबलेला. आठवड्यातून दोनदा कुणीतरी चारचाकी बाईकवरून ती सबंध पाहून यायचं. मंगळवारी ग्लेनिस, शुक्रवारी हेक्टर.

टूर संपल्यावर तिने शेपटी ब्रूकच्या टेबलावर ठेवली. ब्रूक उद्यानाची प्रमुख. वय चौतीस, शास्त्रज्ञ, आणि एकतीसच्या एकतीस बिल्बींना नावानिशी ओळखणारी. ती शेपटीकडे बघत राहिली. मग रेडिओ उचलून म्हणाली, "हेक्टर काका, जरा इकडे येता का?"

सगळेच त्याला काका म्हणत. सहासष्ट वर्षांचा हेक्टर याच मातीतला, इथल्या मूळच्या लोकांपैकी. त्याचा बाप आणि आजोबा इथे मेंढपाळांकडे राबले होते, आणि त्याआधी त्याच्या लोकांना इथे राबायची गरजच नव्हती. तो झुडपाशी उकिडवा बसला. वाळूवरून नजर फिरवली.

"मांजर," शेवटी तो म्हणाला. "बोका आहे. चांगला पोसलेला. महिनाभर तरी इथे जेवतोय." मग बोटाने वाळूवर दाखवत म्हणाला, "आणि याच्यावर कुणीतरी बूट ठेवलाय."

"टूरची माणसं," ग्लेनिस म्हणाली.

"हं," हेक्टर म्हणाला आणि उठला.

*

ग्लेनिस टिल्ब्रुक एकोणसाठ वर्षांची होती. तरुणपण मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळ्यांना रांधून घालण्यात गेलं. नवरा एका हंगामात दुसऱ्या टोळीबरोबर गेला तो परतला नाही. टेलर्स वेलला ती त्रेचाळिसाव्या वर्षी आली, तीही स्वयंपाकीण म्हणूनच. वाळूत बघायला तिला हेक्टरने शिकवलं. दुपारी भांडी झाली की तो तिला घेऊन जायचा. "हे काय?" "सरडा." "कुठला सरडा? कुठे चाललाय? घाईत आहे की मजेत?" ती चुकली की तो म्हणायचा, "महाराणी, तो मागे मागे चालत गेला असेल तर तुझं बरोबर आहे." दोन वर्षांत तिला येऊ लागलं. लोकांपुढे बोलायला हेक्टर लाजायचा. ती लाजत नसे. एकदा गाईड आजारी पडला म्हणून ती टूर घेऊन गेली आणि त्यानंतर तिने पुन्हा कढईला हात लावला नाही. टूरमध्ये सांगायच्या तिच्या निम्म्या गोष्टी हेक्टरच्या होत्या. मुक्कामाच्या टूरला तर लोक नाव घेऊन विचारायचे, ग्लेनिस असेल तर येतो. शेकोटीभोवती ती बोलू लागली की माणसं अंथरुणात शिरायची विसरत.

गेल्या दोन वर्षांपासून तिचा डावा खुबा गेला होता. बाईकचा प्रत्येक धक्का कण्यापर्यंत जायचा. तिने हे कुणाला सांगितलं नाही. ज्याला कुंपणाची फेरी जमत नाही त्याला ब्रूक काही काढून टाकणार नव्हती; पण स्वयंपाकघरात एक जागा रिकामी होती आणि ते ग्लेनिसला ठाऊक होतं.

मार्चमध्ये एका बुधवारी रात्री पाऊस झाला. वर्षाचा सगळा एका रात्रीत. गुरुवारी संध्याकाळी हेक्टर टोपी हातात घेऊन तिच्या खोलीच्या दारात आला.

"उद्या पोर्ट ऑगस्टाला जायला पाहिजे. मयत आहे. माझी रजा संपलीय, ब्रूकला विचारायचं म्हणजे..."

"विचारतोस कशाला? जा तू. तुझा शुक्रवार मी करते. तुझ्या रकान्यात टिक मारते, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"पाऊस झालाय, ग्लेनिस. ओढ्यापाशी नीट बघ."

"तू मला शिकवू नकोस आता," ती हसून म्हणाली.

शुक्रवारी ती निघाली. सव्वीस किलोमीटर तार तिने खरोखर पाहिली. ओढ्याशी चिखल होता, बाईक पुढे जाईना. तिथून आठशे मीटर चालत जाऊन परत यायचं होतं. ती उतरली, वीसेक पावलं गेली. खुब्यात अशी कळ आली की ती तारेला धरून उभी राहिली. चार वाजता मुक्कामाची मंडळी येणार होती, हंगामातली पहिली. जिथवर नजर जात होती तिथवर तार ताठ उभी दिसत होती. ती मागे फिरली, ते आठशे मीटर सोडून पलीकडच्या बाजूने राहिलेलं अंतर पुरं केलं, कचेरीत येऊन हेक्टरच्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि बाजूला लिहिलं, सर्व ठीक.

*

बैठकीला तिघंच होते. ब्रूकने फाईल उघडली होती. रविवारपर्यंत बिळं मोजून झाली होती. तेवीस बिल्बींचा पत्ता नव्हता.

"बुधवारी रात्री पाऊस," ब्रूक म्हणाली. "शुक्रवारी सर्व ठीक. सोमवारी हेक्टर काका, तुम्हीच लिहिलंय, ओढ्यापाशी पाण्याने पदर उचलला, हातभर भोक, बुजवलं. मग शुक्रवारी ते भोक नव्हतं का? नंतर तर पाऊस झालाच नाही."

हेक्टरने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आणि त्या शुक्रवारी तुम्ही पोर्ट ऑगस्टात होतात. रस्त्यावरच्या पेट्रोलपंपावरच्या पोराने मला सांगितलं, सहज बोलता बोलता. मी तेव्हा लक्ष दिलं नाही. काका, तुम्ही शनिवारी येऊन टिक मारलीत का?"

ग्लेनिसच्या समोर बिस्किटांची बशी होती. एका बिस्किटाचा कोपरा मोडलेला होता. आता बोलायचं, असं तिने स्वतःला सांगितलं. हे वाक्य संपलं की. मग तिला वाटलं, बोका गुरुवारीच आत आला असेल, शुक्रवारी बघून तरी काय झालं असतं? पण शुक्रवारी ओल्या वाळूत त्याचे ठसे ताजे मिळाले असते, दोन दिवसांत तो हाती लागला असता, हेही तिला कळत होतं. हेक्टरने तिच्याकडे एकदा पाहिलं. रागाने नाही. एखाद्याने दार धरून ठेवावं आणि मागच्याची वाट बघावी, तसं.

ती बिस्किटाकडे बघत राहिली.

"शुक्रवार माझा होता," हेक्टर म्हणाला. "नाव माझं आहे ना तिथे? मग माझंच."

ब्रूकच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती, काका. रजा हवी होती तर मागायची होती. मी नाही म्हटलं असतं का कधी?"

"नसतंच म्हटलं," तो म्हणाला. "आधी बोका पकडू. मग माझं काय ते बघ."

*

बोका पकडायला अकरा दिवस लागले. सापळ्यांना तो हुंगतही नव्हता. हेक्टर पहाटेपासून चालायचा, खांद्यावर बंदूक, मागे पाण्याचा कॅन घेऊन ग्लेनिस. दुसरं कुणी ठसे ओळखणारं नव्हतंच. पूर्वी असं चालताना ते दोघं सतत एकमेकांची खोडी काढत. आता तो फक्त कामापुरतं बोलायचा. "इथे बसला होता." "इथे वळला." महाराणी हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही.

सहाव्या दिवशी माग ओढ्याकडे गेला. तिला तिथे जायचं नव्हतं, पण कॅन तिच्याकडे होता.

ओढ्याच्या काठचा चिखल वाळून विटेसारखा झाला होता. मार्चमध्ये जे त्यात उमटलं होतं ते जसंच्या तसं होतं. बाईकची चाकं थांबल्याच्या खुणा. मग बुटाचे ठसे, उजवा खोल, डावा ओढलेला, चिखलात रेघ काढत गेलेला. वीसेक पावलं. तारेजवळ दोन्ही बूट एकत्र. तिथून परत.

हेक्टर उभा राहिला. ग्लेनिसही. वारा नव्हता. माशा तेवढ्या होत्या.

"मी हे त्या सोमवारीच पाहिलं," तो म्हणाला. "पाऊस झाला म्हणून मुद्दाम बघायला आलो होतो. म्हटलं, दुखत असेल. भोक बुजवलं, आत कुणी शिरलंय का बघितलं, भोकापाशी वाळू होती, वाऱ्याने सगळं पुसलेलं. म्हटलं, काही झालं नसेल तर कशाला बोलायचं."

"हेक्टर..."

त्याने हात वर करून तिला थांबवलं. मग बंदूक तारेला टेकवली आणि टाचेने तो ते ठसे मोडू लागला. वाळलेला चिखल कडकड वाजत फुटत होता. एकेक ठसा, सावकाश, बाईकपासून तारेपर्यंत आणि तारेपासून बाईकपर्यंत. चाळीस तरी असतील. शेवटी बाईकच्या चाकांच्या खुणाही त्याने मोडल्या. ग्लेनिस कॅन धरून बघत राहिली. त्याला थांबवावं असं तिच्या मनात आलं, आणि त्याने लवकर संपवावं असंही आलं. दुसरं जास्त आलं. हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

"आता नाहीत," तो धापा टाकत म्हणाला. "आता तुझं तू बघ."

अकराव्या दिवशी सकाळी एक गोळी वाजली. हेक्टरने बोका पोत्यात घालून कचेरीच्या ओसरीवर आणला. ब्रूकने त्याचं वजन केलं, मापं घेतली. करड्या पट्ट्यांचा, सुरेख होता.

"बघा, खाऊन खाऊन केवढा झालाय," ब्रूक दातओठ खात म्हणाली.

"त्याचा काय दोष," हेक्टर म्हणाला. "त्याला दार उघडं मिळालं."

संध्याकाळी त्याने किल्ल्या ब्रूकच्या टेबलावर ठेवल्या. ब्रूक म्हणाली, राहा, विश्वस्तांशी मी बोलते, दुसरं काहीतरी काम देऊ. तो म्हणाला, नको. त्याचं सामान दोन पिशव्यांत मावलं. ग्लेनिस तेव्हा तळावर होती, मुक्कामाच्या मंडळींसाठी सरपण काढत. त्याची गाडी जाताना तिला दिसली. हात वर करायला हवा होता. दोन्ही हातांत लाकडं होती, असं तिने नंतर स्वतःला सांगितलं.

*

मे महिना म्हणजे मुक्कामाच्या टूरचा भर हंगाम. दिवस उबदार, रात्री गार. तळ म्हणजे वाळूच्या दोन टेकड्यांमधली सपाटी, मधोमध शेकोटी, भोवती जाड कापडाची गुंडाळी अंथरुणं. लोकांना तंबू नको असायचे, त्यांना चांदण्यात झोपायचं असायचं. ग्लेनिस निखाऱ्यात पाव भाजायची, काळ्या डब्यात चहा उकळायची.

त्या शनिवारी आठ जण होते. त्यांत वेंडी पॅस्को होती, बेंडिगोची, सत्तरीतली विधवा. सलग तिसरं वर्ष. दर वेळी ग्लेनिससाठी घरी केलेला मुरंबा आणायची. नवरा गेल्यावर आपण पुन्हा हसलो ते तुझ्या शेकोटीपाशी, असं तिने एकदा पत्रात लिहिलं होतं. तिने एका बिल्बीचा वर्षाचा खर्च उचलला होता आणि त्याचं नाव नवऱ्याच्या नावावरून आर्थर ठेवलं होतं.

"आर्थर वाचला का गं?" तिने आल्या आल्या विचारलं.

"नाही, वेंडी."

वेंडीने डोळे टिपले. ग्लेनिसचा हात हातात घेतला. "तुला किती लागलं असेल. तू तर लेकरांसारखं जपतेस त्यांना."

जेवणं झाल्यावर विषय तोच निघाला. पर्थचा एक माणूस म्हणाला, मी पेपरात वाचलं, कुंपण बघायचं ज्याच्याकडे होतं त्यानेच न बघता सही ठोकली म्हणे.

"हो ना," वेंडी म्हणाली. आवाजात द्वेष नव्हता, उलट कीवच होती. "इथलाच मूळचा माणूस होता तो. मी बघितलंय त्याला, चांगला दिसायचा. पण त्या लोकांचं असंच असतं बाई. मनात आलं की निघाले. त्यांच्यावर एवढी जबाबदारी टाकायचीच कशाला? आपली ग्लेनिस असती त्या दिवशी, तर झालं असतं का असं?"

दोघातिघांनी माना हलवल्या. पर्थचा माणूस म्हणाला, "अगदी."

शेकोटीत एक लाकूड कोसळलं. सगळे ग्लेनिसकडे बघत होते, प्रेमाने. ती काहीतरी बोलेल, एखादी गोष्ट सांगेल म्हणून.

"आणखी चहा कुणाला?" ग्लेनिस म्हणाली.

तिने सगळ्यांना चहा ओतला. एक थेंब सांडला नाही. मग ती पाणी आणते म्हणून ट्रकच्या मागे गेली आणि तिथे वाकून उलटी केली.

रात्र तशीच गेली. उजाडल्यावर तिने पाव गरम केले, मुरंबा वाढला, लोकांना गाडीत बसवलं. वेंडीने तिला मिठी मारली. "पुढच्या वर्षी येते गं." ग्लेनिस म्हणाली, "वेंडी, ती फेरी हेक्टरची नव्हती. माझी होती. मी ती पुरी केली नव्हती. तो त्याच्या माणसाला पुरायला गेला होता आणि मी त्याला करते म्हणून सांगितलं होतं."

वेंडीला क्षणभर कळेना. मग तिने मिठीतले हात सोडवून घेतले. गाडीत बसलेल्यांनी ऐकलं होतं. पर्थच्या माणसाने खिडकीची काच वर केली.

ग्लेनिस तशीच कचेरीत गेली.

*

ब्रूकने सगळं ऐकून घेतलं. खुब्याचं, ओढ्याचं, मोडलेल्या ठशांचं.

"मी त्यांना काका म्हणायची," ती म्हणाली. "आणि एकदासुद्धा मला वाटलं नाही की हे त्यांनी केलं नसेल. एकदासुद्धा नाही, ग्लेनिस. पंपावरच्या पोराने सांगितलं आणि मी लगेच मानलं. तू बोलली नाहीस हे तुझं. माझं काय?"

"मी राजीनामा देते."

"देशील आणि जाशील कुठेतरी. ते सोपं आहे. डिसेंबरपर्यंत टूर भरलेल्या आहेत आणि आत आठ बिल्बी उरलेत." ब्रूकने नाक पुसलं. "विश्वस्तांना पत्र लिहिते. काकांनाही लिहिते. पेपरालाही. तुझं नाव घालून."

"घाल."

"आणि आधी डॉक्टरकडे जा."

पेपरात चार ओळी आल्या, आतल्या पानावर. हेक्टरची बातमी पहिल्या पानावर आली होती. मुक्कामाच्या दोन टूर रद्द झाल्या, बाकीच्या झाल्या नाहीत. बरेच लोक आले आणि तिच्याशी पूर्वीसारखेच गोड बोलले. काहींनी तर म्हटलं, चूक कबूल करायला हिंमत लागते. त्या वाक्यापुढे तिला उभं राहवत नसे. ती मध्येच बोलणं थांबवून चालायला लागे.

*

जूनच्या एका रविवारी ती तीन तास गाडी चालवून पोर्ट ऑगस्टाला गेली. हेक्टर बहिणीकडे राहत होता. बहीण रोमा दारात आली, जाड, पायात घरातल्या सपाता. तिने ग्लेनिसला आपादमस्तक पाहिलं.

"तू ती."

"हो."

"धक्क्यावर असेल. मासे धरत." आणि दार लावता लावता म्हणाली, "त्याला रडवू नकोस. आधीच पुष्कळ झालंय."

जुन्या धक्क्यावर दुपारचं ऊन होतं. पाणी हिरवट, संथ. पाच-सहा जण गळ टाकून बसले होते. हेक्टर टोकाला, लोकरी टोपी घालून. तिला पाहून त्याने मान हलवली. ती शेजारी उभी राहिली.

"ब्रूकचं पत्र मिळालं?" तिने विचारलं.

"मिळालं. बरं लिहिलंय. रोमाने फ्रिजवर लावलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला लावते."

"मी सांगितलं तिला. सगळं."

"ते पत्रात आहे."

तिने पाठ करून आणलेलं बोलायला सुरुवात केली. सोळा वर्षं, तू मला शिकवलंस, मी तुझ्यासमोर बसून... पुढचं तिला आठवेना. ती म्हणाली, "मला लाज वाटते, हेक्टर."

"वाटू दे," तो म्हणाला. कडवटपणे नाही. "मलाही वाटली. इथे येऊन रस्त्याने चालायला. आपलीच माणसं विचारायची, काय रे, काय केलंस? पोरं शाळेतून ऐकून यायची."

"मग बोलला का नाहीस? ठसे का मोडलेस?"

त्याने दोरी थोडी ओढली, पुन्हा सोडली. "ब्रूकला दाखवले असते तर तू पकडली गेली असतीस. मग तू बोलली असतीस की नसतीस, ते कुणालाच कळलं नसतं. तुलासुद्धा." थोड्या वेळाने म्हणाला, "मला वाटलं होतं, दोन दिवसांत बोलशील. दोन दिवस धरले होते मी."

आपल्याला किती दिवस लागले ते तिने मोजलेलं होतं.

"परत ये," ती म्हणाली. "ब्रूक म्हणते, कधीही ये."

"नाही. आता नाही."

"माझ्यामुळे?"

"सगळंच तुझ्यामुळे नसतं, ग्लेनिस." त्याच्या तोंडून आपलं नाव ऐकून तिला बरं वाटलं आणि तसं वाटल्याचीही लाज वाटली. तो पाण्याकडे बघत होता. "मयत कुणाची होती, विचारलंस कधी?"

त्या गुरुवारी तो टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभा होता. ती म्हणाली होती, जा तू. त्यानंतर अकरा दिवस ती त्याच्या मागे मागे चालली होती.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "कुणाची होती?"

"धाकट्या भावाची."

"नाव काय त्याचं?"

"गेलेल्याचं नाव नाही घेत आम्ही. एवढ्यात नाही." मग त्याने हनुवटीने धक्क्याच्या मधल्या खांबाकडे दाखवलं. "तिथे बसायचा. मला एक सापडेस्तोवर त्याला सहा सापडायचे. आणि ओरडून ओरडून सांगायचा सगळ्यांना. गळ त्याचाच आहे हा."

ती त्या खांबाकडे बघत राहिली. तिथे आता एक तरुण बाई मुलीला आमिष लावायला शिकवत होती.

"उजेड आहे तोवर निघ," हेक्टर म्हणाला. "अंधार पडला की रस्त्यावर कांगारू येतात."

"पुन्हा येऊ?"

त्याने गळ वर ओढून आमिष पाहिलं. "रोमाला विचारून ये," तो म्हणाला.

ती धक्क्यावरून परत निघाली. निम्म्यावर गेली असेल, मागे कुणीतरी ओरडलं, मासा लागला, मासा लागला. मग हेक्टरचा आवाज आला, शेजारच्याला चिडवणारा, "अरे, हा मासा आहे की आमिषच परत आलंय?" सगळे हसले. तोही हसला, मोठ्याने.

तिने वळून पाहिलं नाही. समोरून एक कुटुंब येत होतं, बादल्या, घडीच्या खुर्च्या, कडेवर मूल. धक्का तिथे अरुंद होता. ग्लेनिस कठड्याला लागून बाजूला झाली आणि ते सगळे पुढे जाईपर्यंत उभी राहिली.